विंचू चावल्यावर सुटणारा घाम



वैद्यकशास्त्रातील नवे शोध म्हटले, की आपल्या नजरेसमोर काचेच्या उंच इमारती येतात. मी मुळशी तालुक्यातील माण गावचा. आमच्याकडे तर त्या इमारती खरोखरीच उभ्या आहेत. माझ्या लहानपणी जिथे भाताची खाचरे होती तिथे आज संगणकाच्या कचेऱ्या आहेत, मेट्रोचे खांब आहेत, आणि शेजारच्या हिंजवडीत औषधांचे कारखानेही आहेत. करोनाच्या साथीत भारतात तयार झालेली पहिली एमआरएनए जातीची लस, जिला २०२२ च्या जून महिन्यात सरकारची परवानगी मिळाली, ती हिंजवडीच्याच जिनोव्हा कंपनीची. तेव्हा संशोधन म्हणजे साता समुद्रापलीकडची गोष्ट, असे आमच्या गावच्या मुलांना आता वाटत नाही.

पण आज मी तुम्हांला सांगणार आहे ती हकीकत काचेच्या इमारतीतली नाही. ती घाटाखालच्या एका सरकारी आरोग्य केंद्रातल्या खाटेशेजारची आहे. मी काही शास्त्राचा मनुष्य नव्हे. मराठी घेऊन एम. ए. झालो आणि कॉलेजात मराठीच शिकवतो. तरीही हा विषय मी घेतला, त्याला कारण आहे. तेच आधी सांगतो.

१९८७ सालचा मे महिना. मी आठ वर्षांचा होतो. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचे काम चालले होते. छपरावरची कौले उतरवून अंगणात रचली होती आणि आम्ही मुले ती एकेक करून मोठ्या माणसांच्या हातांत देत होतो. माझा चुलतभाऊ सहा वर्षांचा. त्याला आम्ही बाळ्या म्हणत असू. तिन्हीसांजेच्या सुमारास त्याने एक कौल उचलले आणि किंचाळून टाकून दिले. कौलाखाली तांबूस रंगाचा विंचू होता. फार मोठाही नव्हता.

वरच्या आळीत एक म्हातारे विंचू उतरवीत असत. सज्जन माणूस, कुणाकडून पै घेत नसे. ते आले. मंत्र झाला, पाला चोळून झाला. तासाभरात बाळ्याचे रडणे थांबले. बोट दुखतेय का, असे विचारले, तर नाही म्हणाला. सगळ्यांना हायसे वाटले. मग त्याला दोन-तीन वांत्या झाल्या आणि अंगाला दरदरून घाम सुटला. काकू पदराने पुसत होती आणि घाम पुन्हा पुन्हा येत होता. आजी म्हणाली, "येऊ दे घाम, विष बाहेर पडतंय." तिला तसे मनापासून वाटत होते. आम्हां सर्वांनाच वाटत होते. मध्यरात्री त्याचे हातपाय बर्फासारखे गार पडले, पुढे दम लागला. पहाटे दुधाच्या टेम्पोतून त्याला पुण्याला न्यायला निघाले. टेम्पो वाकडपर्यंतही पोचला नाही.

आता बघा हं. माणहून पौडला जावे, ताम्हिणी घाट उतरावा, की माणगाव लागते, आणि तिथून दक्षिणेला महाड. सरळ रेषेत मोजले तर आमच्या गावापासून महाड साठ-पासष्ट किलोमीटरच्या पलीकडे नाही. बाळ्या गेला त्याच्या आधी तीन वर्षांपासून त्या भागात याच विंचवाच्या विषावर एक साधी गोळी दिली जात होती आणि माणसे वाचत होती. एवढेच नव्हे, १९८६ साली ती गोष्ट लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापूनही आली होती. महाडची बातमी लंडनला पोचली, पण घाट चढून माणला आली नव्हती. हे मला कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

ही गोळी देणारे डॉक्टर म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातले. घरची गरिबी. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. तिथे त्यांच्या लक्षात आले, की कोकणात विंचू चावून चांगली धडधाकट माणसे दगावतात, मुले तर फारच. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत या विषयाला जेमतेम जागा होती. दुखणे थांबवणारी औषधे, ॲट्रोपिन, स्टेरॉइड असे जे हाताशी असेल ते दिले जाई. उपयोग होत नसे, काही वेळा अपायच होई.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बदली मागून घेऊ. बावस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी बसले. रात्र-रात्र बसले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार झाले, ओठ केव्हा निळे पडले, याच्या नोंदी ठेवल्या. एकाच्या नव्हे, अनेकांच्या. आणि त्या नोंदींतून जे दिसले ते त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले.

काय दिसले? ज्याला चावल्या जागी प्रचंड आग होते, जो मोठमोठ्याने ओरडतो, पण बाकी काही होत नाही, तो रुग्ण बहुधा सुखरूप असतो. जिवाला धोका असतो तो दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला. त्याला उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते, अंग घामाने न्हाऊन निघते, हातपाय थंड पडतात. त्याचे बोट कदाचित फारसे दुखतही नसेल. म्हणजे आम्ही त्या रात्री ज्याला उतार समजत होतो तो चढ होता.

इथे एक मराठीच्या मास्तराची गोष्ट सांगू द्या. एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. त्यातला विंचू काम-क्रोधाचा आहे, हे खरे. पण तो चावल्यावर अंगाला घाम सुटतो, असे नाथांनी त्यात म्हटले आहे. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या माणसाने हे लक्षण बरोबर टिपले होते. मी वर्गात ते भारूड किती तरी वर्षे शिकवले. रूपक समजावून सांगितले, उतारा काय तोही सांगितला. त्या घामाकडे मात्र माझे कधी लक्ष गेले नाही. ज्या दिवशी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला बावस्करांच्या कामाविषयी सांगितले, त्या दिवशी गेले.

हा घाम का सुटतो, तेही समजून घेण्यासारखे आहे. आपल्या मज्जातंतूंमधून निरोप जातो तो विजेच्या लहरीसारखा. त्या तंतूंच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी बारीक दारे असतात. ती क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. तांबड्या विंचवाचे विष ही दारे नीट मिटू देत नाही. मग निरोपांचा नुसता गोंधळ उडतो. आरंभी उलट्या, लाळ आणि घाम. मागोमाग रक्तात ॲड्रिनलिन व त्याच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा येतो. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातापायांकडे रक्त जाईनासे होते, म्हणून ते गार. रक्तदाब एकदम चढतो आणि बिचारे हृदय बंद दारावर धडका देत राहते. खाचराच्या खालच्या बांधाचे तोंड बुजवावे आणि वरून पाण्याचा लोट चालूच राहावा, म्हणजे काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी मागे तुंबते. इथे ते फुप्फुसांत तुंबते. रुग्णाला दम लागतो, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागतो.

एकदा हे कळल्यावर उपाय कोणत्या दिशेला शोधायचा तेही कळते. बांधाचे तोंड मोकळे करायचे. बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. केले आणि पुन्हा महाड-पोलादपूरकडेच परतले. तिथे त्यांनी आधी नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून थेंबथेंब द्यायचे औषध वापरून पाहिले. त्याने गुण आला, पण त्याला क्षणोक्षणी पहारा लागतो, आणि खेड्यातल्या दवाखान्यात तेवढी माणसे कुठली आणायची? मग त्यांनी प्राझोसिन घेतले. ही रक्तदाबाच्या रोग्यांना देण्यात येणारी गोळी. तोंडाने घ्यायची, किमतीने स्वस्त, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. नवे औषध शोधून काढले नाही, हे लक्षात घ्या. असलेले औषध कुठे लागू पडेल ते ओळखले. मला तर यात अधिक बुद्धी दिसते.

परिणाम आकड्यांतच सांगतो. १९६१ ते १९८३ या काळात विंचूदंशाची तीव्र लक्षणे झालेल्या रुग्णांपैकी शंभरात पंचवीस ते तीस दगावत. १९८४ पासून प्राझोसिन देऊ लागल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. १९८६ च्या त्या लेखावर डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांची नावे आहेत. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, मग ते वरच्या आळीतले म्हातारे? त्यांच्या मंत्राने इतक्या लोकांचे विंचू उतरले ते काय खोटे? खोटे मुळीच नव्हे. विंचवाच्या अनेक जाती आहेत आणि बहुतेक विंचू जिवावर उठणारे नसतात. तांबडा विंचू चावला तरी प्रत्येक वेळी सगळे विष अंगात जाते असे नाही. म्हणून मंत्र म्हटला काय आणि न म्हटला काय, दहांतली बहुतेक माणसे सकाळपर्यंत आपोआप बरी होतात. म्हातारेबुवांनी ती मोजली. न बरी झालेली थोडी, त्यांचे दैव म्हणून सोडून दिली. यात लबाडी नाही, हिशेबाची चूक आहे. आणि ही चूक शिकलेली माणसेही करतात, डॉक्टरही करतात. तिच्यावर उपाय म्हणून संशोधनात रुग्णांचे दोन गट करतात. कोण कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे, एका गटाला एक उपचार, दुसऱ्याला दुसरा, आणि मग मोजायचे.

महाडला असेच झाले. परळच्या हाफकिनमध्ये विंचवावरचे प्रतिविष तयार होऊ लागले होते. प्राझोसिनने भागते आहे, मग हे कशाला, असे बावस्करांनी म्हटले नाही. स्वतःच्याच उपचाराची त्यांनी परीक्षा घेतली. सत्तर रुग्ण घेतले, पस्तीस-पस्तीसचे दोन गट केले. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले किती? नुसत्या गोळीच्या गटात ८, प्रतिविषही दिलेल्या गटात ३२. हा अहवाल २०११ च्या जानेवारीत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे, की हे दोन आकडे सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहून शेकडेवारी काढायला सांगा. ९१ आणि २३ येतील. मुलांना गणितही कळेल आणि प्रयोग म्हणजे काय तेही कळेल.

विंचवावरून सापाकडे जाणे ओघानेच आले. तिथे चित्र अजून काळजीचे आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हा आकडा इस्पितळांच्या दप्तरातून निघालेला नाही. घरोघरी जाऊन, तुमच्या घरात कोण वारले, कसे वारले, असे विचारून तो काढला आहे. कारण यांतली पुष्कळशी माणसे इस्पितळापर्यंत पोचलीच नव्हती. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. आवणीचे दिवस, शेतात पाणी, आणि माणसे जमिनीवर निजलेली.

विंचवाने जो धडा दिला तो मण्यारीला तर अधिकच लागू आहे. मण्यार रात्री निजलेल्या माणसाला चावते. आग नाही, सूज नाही, कित्येकदा दंशाची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, मग श्वास. वेदनेवरून विषाचे माप घेणारा माणूस इथे हमखास फसतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर मिळून एकच प्रतिविष आपल्याकडे वापरतात. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचत जायची आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये काढून घ्यायची, ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. तिने लाखो माणसे वाचवली आहेत. पण घोड्याच्या रक्तातले द्रव्य काहींच्या अंगाला मानवत नाही. शिवाय एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांताने बदलते, त्यामुळे एकीकडच्या विषापासून केलेले औषध दुसरीकडे कमी पडते. म्हणून घोड्यावाचून काही करता येईल का, याचा शोध चालू आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून प्रयोगशाळेत मानवी जातीचे एक प्रतिद्रव्य निवडून काढले. नाग, मण्यार यांच्या कुळातील विषांत मज्जासंस्था लुळी पाडणारे एक द्रव्य असते, त्याला ते अडवते. हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका गटाने विषाला चिकटून बसणारी प्रथिने चक्क संगणकावर आखून तयार केली. या गटातले डेव्हिड बेकर यांना आदल्याच वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. मोठी नवलाची कामे आहेत ही, पण दोन्ही उंदरांवर केलेली. घोणस व फुरसे यांचे विष निराळ्या जातीचे, त्याला ती पुरी पडत नाहीत. तेव्हा वर्तमानपत्रात 'सर्पदंशावर रामबाण सापडला' असा मथळा आला, तर खाली 'उंदीर' हा शब्द आहे का ते आधी शोधावे.

जाता जाता विंचवाच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. आपल्या याच तांबड्या विंचवाच्या विषातून १९९० च्या सुमारास इबेरियोटॉक्सिन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पेशींतली पोटॅशियमची एक विशिष्ट जातीची दारे तेवढी ते बंद करते, म्हणून रक्तवाहिन्या नि मज्जातंतू यांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. आणि कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले. पायताणाने ठेचण्यापलीकडेही या प्राण्यांशी आपला काही संबंध असू शकतो.

आता प्रत्यक्ष कामाचे. आमच्या गावात आज विंचू कमी झाले असतील असे तुम्हांला वाटेल. तसे काही नाही. कौलांच्या जागी विटांचे ढीग आले, दगडांच्या राशी आल्या, आणि बांधकामावर आलेल्या मजुरांची पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मुले आली. शाळेत पहिलीच्या वर्गात तीच मुले बसतात. मूल जितके लहान, तितके तेवढेच विष त्याला भारी. विंचू चावला, तर मुलाला निजवून ठेवावे, धीर द्यावा. दोरी आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये. उलटी, घाम किंवा गार हातपाय यांपैकी काहीही दिसले, तर लगेच दवाखाना गाठावा. उजाडायची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, आणि गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. प्राझोसिन घरच्या घरी मात्र देऊ नये. ते रक्तदाब एकदम उतरवते, म्हणून ते डॉक्टरांच्या हातूनच आणि रुग्णाला आडवे ठेवूनच द्यायचे असते. साप चावला असेल, तर तो हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा न हलवता ठेवून न्यावे.

बाळ्याच्या आईला, म्हणजे माझ्या काकूला, हे सगळे सांगावे की नाही, याचा मला बरीच वर्षे निर्णय होत नव्हता. गेल्या पावसाळ्यात तिनेच कसल्याशा बोलण्यावरून विषय काढला, तेव्हा सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घाम तर मीच पुसत होते रे." आणि थोड्या वेळाने विचारले, "ती गोळी आपल्या इथल्या दवाखान्यात असते का?"

मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन विचारून आलो. गोळ्या होत्या. तिला तसे येऊन सांगितले.